सेंडमेल (स्क्रिप्टमधून ईमेल पाठवण्याची पद्धत)

सेंडमेल हा युनिक्स या संगणक-प्रणालीवर ईमेल पोचवणारा एक जुना प्रोग्रॅम. आज मात्र हे नाव मुख्यतः एका पद्धतीला लागू होते. स्क्रिप्टने, म्हणजे ओळीने कमांड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, स्वतः मेल सर्व्हरशी बोलायचे नाही. पत्र तयार करायचे, त्याच यंत्रावरच्या सेंडमेल या कमांडच्या हाती द्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. रात्रीचा बॅकअप झाला की नाही हे कळवणारी स्क्रिप्ट, डिस्क भरत आल्याची सूचना, ‘क्रॉन’ने ठरल्या वेळी चालवलेल्या कामांचा अहवाल, ही सगळी पत्रे बहुधा याच वाटेने जातात.

एरिक ऑलमन यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आधी डिलिव्हरमेल लिहिला. त्यातून पुढे सेंडमेल घडला आणि १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीबरोबर सर्वदूर गेला. नोव्हेंबर १९८८ मधल्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या घातक प्रोग्रॅमने, ज्या वाटांनी यंत्रांत शिरकाव केला, त्यांतली एक सेंडमेलमधली होती. नंतर फिलिप हेझल यांचा एक्झिम (१९९५) आणि वित्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स (१९९८) हे ईमेल पोचवणारे नवे प्रोग्रॅम आले आणि बऱ्याच सर्व्हरांवर मूळ प्रोग्रॅमची जागा त्यांनी घेतली. पण दोघांनीही ‘सेंडमेल’ याच नावाची आणि त्याच ऑप्शनांची (कमांडला जोडून द्यायच्या सूचनांची) कमांड जपली, कारण असंख्य स्क्रिप्टा तिच्यावर विसंबून होत्या. आतले इंजिन बदलले, तरी जुन्या स्क्रिप्टांना हात लावावा लागला नाही. संगणकाच्या जगात इतका टिकलेला करार क्वचितच सापडतो.

पत्राची रचना साधी आहे. वर ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘सब्जेक्ट’ या ओळी, मग एक पूर्ण रिकामी ओळ, मग मजकूर. ‘-टी’ हा ऑप्शन दिला की पत्ते वरच्या ओळींतून वाचले जातात आणि ‘बीसीसी’ची ओळ पत्र पुढे जाण्याआधी काढून टाकली जाते. ‘-आय’ दिसायला किरकोळ, पण तो विसरू नये. एखाद्या ओळीत एकटे पूर्णविरामाचे टिंब असले, तर सेंडमेलच्या लेखी पत्र तिथे संपते. लॉगफाईल (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाईल) जशीच्या तशी पाठवताना असे टिंब मध्येच आले, की खालचा सगळा भाग गळतो. ‘-आय’ दिला की ते टिंब साधे टिंब राहते. ‘-एफ’ने पाकिटावरचा, म्हणजे पत्र पोचवताना सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, प्रेषक ठरतो. पत्राच्या आतला ‘फ्रॉम’ वेगळा, पाकिटावरचा वेगळा, आणि न पोचलेले पत्र परत येते ते पाकिटावरच्या पत्त्यावर. तो दिला नाही तर स्क्रिप्ट चालवणाऱ्या खात्याचे नाव लागते आणि परतलेली पत्रे कोणीही न उघडणाऱ्या पेटीत साचत राहतात.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो कमांडने परत दिलेल्या आकड्याचा. शून्य म्हणजे पत्र पोचले असे नव्हे. पत्र स्वीकारले, रांगेत लावले, एवढाच त्याचा अर्थ. टपाल पेटीत टाकले म्हणजे घरी पोचले असे आपण मानत नाही, तसेच हे. रांगेत अडकलेली पत्रे ‘मेलक्यू’ कमांडने दिसतात. सेंडमेलला असलेला एमएसएमटीपी हा छोटा पर्याय रांग ठेवत नाही, थेट पुढच्या सर्व्हरशी बोलतो. त्यामुळे नेट बंद असेल तर चूक लगेच कळते, पण पत्र पुन्हा पाठवण्याची जबाबदारी स्क्रिप्टवर येते. अनेक क्लाउड कंपन्या सर्व्हरांमधल्या ईमेलचे नेहमीचे २५ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कचे दार) बंद ठेवतात, म्हणून ५८७ पोर्टवर लॉगिन करून पत्र पाठवणारा असा पर्याय आता सोयीचा ठरतो.

टर्मिनलवर हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते आणि क्रॉनमधून गप्प बसते, ही नेहमीची तक्रार. क्रॉन कमांड शोधतो त्या फोल्डरांची यादी फार तोकडी असते आणि सेंडमेल ज्यात असतो ते ‘एसबिन’ फोल्डर तिच्यात बहुधा नसते. म्हणून कमांडचा पूर्ण मार्ग लिहावा: /यूएसआर/एसबिन/सेंडमेल.

बाहेरून आलेला मजकूर कमांडच्या ऑप्शनांत जाऊ देणे धोक्याचे आहे. पीएचपी भाषेतून ईमेल पाठवणाऱ्या पीएचपीमेलर या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) डिसेंबर २०१६ मध्ये उघड झालेली त्रुटी नेमकी हीच होती. प्रेषकाच्या पत्त्यात दडवलेला ‘-एक्स’ ऑप्शन सेंडमेलला हव्या त्या फाईलमध्ये नोंद लिहायला लावत असे, आणि ती फाईल संकेतस्थळाच्या फोल्डरात ठेवली की हल्लेखोराचा कोड सर्व्हरवर चालत असे.

मराठी विषय पाठवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पत्राच्या वरच्या ओळी मुळात इंग्रजी अक्षरांपुरत्याच आखलेल्या. देवनागरी विषय बहुधा बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, बांधून द्यावा लागतो आणि अशा एका तुकड्याची मर्यादा ७५ चिन्हांची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे बेस६४ ची बरोबर चार अक्षरे. तुकडा कसा वाचायचा हे सांगणारी पुढची-मागची १२ चिन्हे वजा केली की एका तुकड्यात देवनागरीची १५ चिन्हे मावतात. काना, वेलांटी, अनुस्वार हेही प्रत्येकी एक चिन्ह, त्यामुळे ‘बॅकअप पूर्ण झाला नाही’ एवढ्यालाही दोन तुकडे लागतात. तुकडा तोडताना एका चिन्हाचे तीन बाइट दोन तुकड्यांत विभागू नयेत. मजकुरासाठी ‘कंटेंट-टाइप’च्या ओळीत यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर उघडणाऱ्याला मराठीऐवजी अनोळखी खुणांची रांग दिसू शकते.