निपलवाला क्रॉस आणि भरीव क्रॉस

गेल्या चतुर्थीच्या आधी फोंड्याहून एक पोरगा जुन्या कॉन्टेसाचा प्रोपेलर शाफ्ट घेऊन आला, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा. त्याच्या टोकांना सांध्यात अधिक चिन्हासारखा तुकडा असतो, तो क्रॉस. गाडीत दणकट इंजिन बसवलंय, आता तिला ड्रॅगला, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीला, उतरवायचंय. "काका, क्रॉस निपलवालाच द्या. म्हणजे दर वेळी ग्रीस मारता येईल." आमच्या डिचोलीत या बोलण्याला कुणी चूक म्हणणार नाही. इथले मेकॅनिक खाणीच्या टिपरांवर हात बसवलेले, आणि टिपरचा क्रॉस ग्रीसवरच जगतो. तरीही ड्रॅगच्या गाडीला मी निपलवाला बसवत नाही.

दोन्ही शेजारी ठेवले तर नवख्याला फरक दिसतही नाही. चार खुंट, त्यांवर चार कप, कपात सुयांसारख्या बारीक नीडल. एकाच्या दोन खुंटांमधल्या बेचक्यात ग्रीसचा निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असतो, दुसरा सगळीकडून कोरा. खरा फरक पोटात आहे. निपलमधून घातलेलं ग्रीस चारही टोकांना पोचावं म्हणून पहिल्याचे खुंट आतून पोकळ केलेले असतात. दुसरा भरीव. कारखान्यात भरलं तेवढंच ग्रीस, आणि ते धरून ठेवायला सील.

टिपरला पहिलाच बरा. धूळ, चिखल, पावसाळ्यात रस्त्यावर साचलेलं पाणी हे सगळं सीलमधून आत शिरतं. ग्रीसची गन मारली की जुनं ग्रीस घाण घेऊन बाहेर पडतं. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा कित्येक टिपर पावसात उभे राहिले आणि त्यांचे क्रॉस न चालताच गंजून गेले. गन मारताना नवं ग्रीस चारही कपांतून डोकावलं पाहिजे. तिघांतून आलं आणि चौथा कोरडा राहिला तर शाफ्ट थोडा हलवून पुन्हा मारायचं, नाहीतर पुढे खडखड त्याच कपातून सुरू होणार.

कोरड्या पडलेल्या क्रॉसची खूण म्हणजे कपाच्या कडेला जमलेली तांबूस पूड. पण आपल्याकडे गाडीखालचं सगळंच तांबडं! म्हणून मी रॉकेलच्या फडक्याने कप लख्ख पुसतो, गाडी एक चक्कर मारून आणायला सांगतो आणि परत बघतो. माती सगळीकडे सारखी बसते. सीलच्या ओठालाच बारीक रेघ उमटली तर तो आतला गंज.

आता ड्रॅग. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. अशा शंभर धावा केल्या तरी चाळीसच किलोमीटर होतात, पणजीहून मडगावला जाण्यापेक्षा जरासे जास्त. एवढ्यात ग्रीस संपत नाही. थकतं ते लोखंड. समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर अडीच, तर शाफ्टवर १५०० येतात. क्लच एकदम सोडला आणि रुंद, चिकट टायरनी रस्ता धरला की तो भार घणासारखा बसतो. त्याचा सगळ्यात जास्त ताण खुंट जिथे मधल्या गड्ड्याला मिळतो तिथे येतो. नेमकी तिथेच निपलसाठी आटे पाडलेली जागा असते. माझ्याकडे खिळ्याला एक तुटका क्रॉस टांगलेला आहे, तो पोराच्या हातात दिला. तड निपलच्या आट्यांतूनच गेलेली आहे, अर्धा आटा या तुकड्यावर, अर्धा त्या.

भरीव मिळालाच नाही आणि निपलवालाच घालावा लागला, तर बसवण्याची बाजू बघा. गाडी पुढे जोर लावते तेव्हा शेजारशेजारच्या बेचक्यांपैकी एक दाबलं जातं, दुसरं ताणलं जातं. निपल दाबल्या जाणाऱ्या बेचक्यात यायला हवा.

साइझचाही घोळ असतो. अमेरिकन स्पायसर कंपनीच्या क्रॉसच्या मालिकेत १३१० आणि १३३० या नंबरांचे कप सारखेच, २७ मिलिमीटरचे. १३३० आणि १३५० यांची रुंदी, म्हणजे समोरासमोरच्या कपांच्या टोकांमधलं अंतर, सारखी, ९२ मिलिमीटर, पण १३५० चा कप ३० मिलिमीटरचा. नुसती रुंदी मोजून मागवलात तर हमखास फसाल. जोरदार गाड्यांत बहुतेक १३५० वापरतात.

"भरीव म्हणजे मेंटेनन्स नाहीच ना?" पोराने विचारलं. उलट तो जास्त वेळा बघावा लागतो. प्रत्येक शर्यतीनंतर गाडी स्टँडवर घ्यायची, शाफ्ट दोन्ही हातांनी पिळायचा, वरखाली ढकलायचा. चाल, म्हणजे ढिलेपणा, आली की क्रॉस बदलायचा. चाल नसली तर शाफ्ट उतरवून क्रॉस बोटांनी चारी दिशांना फिरवायचा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. मध्ये एका जागी 'टक' करून अडतोय असं वाटलं तर नीडलनी खुंटावर खाचा पाडल्यात. कप काढून खुंटावरून नख ओढा, अडकलं तर नवा घाला. शाफ्ट अगदी सरळ रेषेत बसवला तरी असंच होतं, कारण नीडल फिरतच नाहीत, एकाच जागी मार खातात. अर्धा-एक अंशाचा कोन लागतोच. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्हीकडे रंगाची खूण करा, म्हणजे होता तसाच परत चढेल.

कप हातोड्याने ठोकू नका. एक नीडल जरी आडवी पडली तरी कप पुरता आत जात नाही, कप अडकवून धरणारी सर्कलिप बसत नाही, आणि घाईत माणूस वर आणखी दोन ठोके घालतो. व्हाइसमध्ये सॉकेट धरून हळू दाबावा.

एवढं करूनही क्रॉस कधीतरी तुटतो. पुढचा तुटला तर शाफ्टचं तोंड रस्त्यावर पडतं, आणि गाडी त्याच्यावर पोल व्हॉल्टसारखी उचलली जाऊ शकते. म्हणून अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमात वेगवान गाड्यांना शाफ्टभोवती लूप सक्तीचा आहे. पाव इंच जाड, दोन इंच रुंद पोलादी पट्टी, पूर्ण गोल फिरवलेली, पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत. पोरगा भरीव १३५० साठी माप देऊन गेला. दोन दिवसांनी फोन आला, "काका, सहा इंच क्रॉसच्या मध्यापासून मोजायचे की कपाच्या कडेपासून?" म्हटलं, "जितका जवळ बसेल तितका बसव रे बाबा."