पोषणमाहितीचा तक्ता

पाकीटबंद खाद्यपदार्थातील ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम इत्यादींचे प्रमाण सांगणारा, वेष्टनावर छापलेला तक्ता. वाचणाऱ्याची नजर आधी कॅलरीवर जाते. खरे तर ती रकान्याच्या मथळ्यावर जायला हवी. आकडे १०० ग्रॅमचे (पेयांत १०० मिलिलिटरचे) आहेत की एका सर्व्हिंगचे (उत्पादकाने एका वेळच्या खाण्यासाठी धरलेल्या प्रमाणाचे), हे तिथेच कळते. ७५ ग्रॅमच्या पाकिटावर २५ ग्रॅमचे सर्व्हिंग धरून १३० किलोकॅलरी छापल्या असतील, तर अख्खे पाकीट संपवणाऱ्याच्या पोटात ३९० जातात. दोन उत्पादनांची तुलना म्हणून १०० ग्रॅमवरूनच करावी. पाण्यात कालवायच्या पावडरीचे आकडे कोरड्या पावडरीचे की तयार पेयाचे, हेही पाहावे लागते.

लहान सर्व्हिंगमुळे ‘०’ छापणेही सोपे होते. अमेरिकेत सर्व्हिंगमागे ०.५ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट (हृदयाला घातक असा स्निग्ध पदार्थ) असल्यास शून्य लिहितात. चार सर्व्हिंग खाल्ली की ते शून्य राहीलच असे नाही.

मिठाऐवजी सोडियम दिले असेल तर त्याला २.५ ने गुणावे: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘एकूण साखर’ या आकड्यात दुधातली आणि फळातली नैसर्गिक साखरही येते. वरून घातलेली साखर वेगळी दाखवली नसेल तर घटकांची यादी वाचावी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मात्र साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी विभागून घातली की प्रत्येक नाव खाली सरकते आणि गोडी कमी असल्याचा भास होतो.

ऊर्जेचा आकडा ताडून पाहता येतो. कर्बोदके व प्रथिने ग्रॅमला ४ किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९, तंतू (फायबर) सुमारे २. बेरीज थोडी चुकली तर गोंधळू नये. काही देशांत तंतू कर्बोदकांत धरतात, काहींत वेगळे.

दिवसभराच्या शिफारशीतला किती भाग मिळतो हे सांगणारा टक्केवारीचा रकाना बहुधा २००० किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढाच्या हिशेबाने असतो, लहान मुलाला तो लावू नये. शिवाय छापील आकडे सरासरी असतात, प्रत्येक पाकीट मोजलेले नसते. म्हणून १०० ग्रॅममागे ७ आणि ७.३ ग्रॅम प्रथिने यांतला फरक निवडीसाठी निरुपयोगी, ७ आणि १४ मधला मात्र कामाचा.