चिलखती गाडीला कापडाचं अस्तर

परवा कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकत होतो. चार ठोके पडले आणि पलीकडच्या खोलीतून आईची हाक आली, "अरे थांब, इकडं गिलावा पडतोय!" जाऊन पाहिलं, तर वाटीएवढा पोपडा निघून फरशीवर पडला होता. भिंत चार इंची, खिळा आत गेला होता जेमतेम इंचभर. टोक पलीकडं पोचलंच नव्हतं, मग पोपडा कुणी पाडला?

नेमकं त्याच दिवशी भाच्यानं विचारलं, "मामा, अमेरिकेनं 2022 च्या एप्रिलमध्ये युक्रेनला 200 एम-113 चिलखती गाड्या द्यायचं जाहीर केलं होतं. डिझाइन 1960 चं आणि पत्रा ॲल्युमिनियमचा! जर्मनच्या पातेल्यात बसवून सैनिक पाठवायचे का?" त्यानं या गाड्यांचा व्हिडिओ पाहिला होता, त्याखाली बहुतेकांनी 'भंगार' असंच लिहिलं होतं म्हणे. पोपड्याचा आणि भाच्याचा प्रश्न एकच आहे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, हा रणगाडा नव्हे. चालक, कमांडर आणि मागं 11 सैनिक यांना नेणारी ही पट्ट्यांवर चालणारी गाडी. बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे उडते तुकडे यांपासून माणसं वाचवायची, एवढंच तिचं काम. दुसरी गोष्ट, हे ॲल्युमिनियम पातेल्याचं नाही. मॅग्नेशियम मिसळलेल्या मिश्रधातूच्या दोन बोटं जाड पाट्या आहेत त्या. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, म्हणजे तेवढ्याच वजनात तिप्पट जाड पाटी बसते. जाड पाटी सहजी वाकत नाही, त्यामुळं आतला सांगाडा कमी लागतो. गाडी हलकी झाली, पाण्यावर तरंगू लागली, विमानातून नेता येऊ लागली.

आता पोपडा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एकमेकांचे हात धरून रांगेत उभं राहिलोय असं समजा. मागून कुणी रेटलं की रेटा माणसामाणसांतून पुढं सरकतो. मधल्यांना पुढच्याचा आधार असतो. सगळ्यात पुढच्याच्या पुढं मात्र कुणीच नाही. तो मोकळ्या जागेत झेपावतो आणि जाता जाता मागच्याचा हात ओढतो. मागून रेटा म्हणून आलेली लाट टोकाला पोचली, की ओढ होऊन परत फिरते. घन पदार्थातही हेच घडतं. आघाताची दाबलाट पाटीच्या मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोचते आणि ताणलाट होऊन उलटते. दाब सोसणारा पदार्थ ताण तेवढा सोसेलच असं नाही. मग मागचा थर सुटतो. गिलाव्याचा पोपडा पडतो, चिलखताचा मात्र तापलेल्या धारदार तुकड्यांचा पंखा आत उघडतो. गोळा पाटी फोडून आत आला तर तो एका रेषेत जातो. पाटीचे तुकडे मात्र डबाभर पसरतात, आणि डब्यात माणसं असतात.

यावरचा उपाय वाचला तेव्हा सोलापूरकर म्हणून माझा ऊर भरून आला. उपाय आहे कापड! 1987 च्या एम-113ए3 मध्ये आतल्या भिंतींना ॲरामिड धाग्याच्या कापडाचं अनेक थरांचं अस्तर लावलं. केव्हलार हे या धाग्याचं प्रसिद्ध नाव. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये त्याचा शोध लावला तेव्हा द्रावण इतकं गढूळ होतं, की धागा काढणाऱ्या यंत्राची भोकं बुजतील म्हणून यंत्र चालवणारा आधी तयारच होईना. निघालेला धागा वजनास वजन पोलादाच्या पाचपट ताकदीचा ठरला. ही ताकद गंड्यादोऱ्यासारखी मंतरून येत नाही. लांबलचक ताठ रेणू धाग्याच्या दिशेनं ओळीत बसतात आणि शेजारच्या ओळींना धरून राहतात, तिथून ती येते. गळ्यातला मंतरलेला दोरा आजवर एकही छर्रा, म्हणजे असा उडता तुकडा, अडवू शकलेला नाही, हे स्वच्छ सांगायला हवं.

पण नुसत्या ताकदीनं भागत नाही. छर्रा एका धाग्यावर आदळला की ओढीची लाट धाग्यातून दोन्हीकडं पळते. ॲरामिडमध्ये तिचा वेग सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर, सुतात निम्म्याहूनही कमी. सेकंदाच्या एक लाखाव्या भागात एका बाजूला 7 सेंटीमीटर, दोन्ही बाजू धरून 14 सेंटीमीटर धागा कामाला लागतो. जितकी जास्त लांबी, तितका भार वाटला जातो.

इथं वीण मध्ये येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथं मागावरच्या ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा बोटानं उचलून पाहिला, तर तो वीतभर सहज हलला. विणलेल्या भागात तोच धागा उचलायला गेलो, तर बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याला प्रत्येक ओलांडणीवर दाबून धरत होता. ओढीच्या लाटेलाही प्रत्येक ओलांडणीवर असाच अडथळा होतो. थोडी लाट मागं फिरते, थोडी आडव्या धाग्यात शिरते. वीण फार घट्ट केली तर ताण आघाताजवळच साचतो आणि धागे लवकर तुटतात. फार सैल ठेवली तर छर्रा धागे बाजूला सारून निसटतो. किती घट्ट विणायचं हा हिशेब आपल्या अशोक चौकातला मागवाला रोज करतो, फक्त त्याच्यापुढं छर्रे नसतात.

अस्तर आलं त्याच एम-113ए3 मध्ये इंधनाच्या टाक्याही माणसांजवळून काढून मागच्या बाजूला बाहेर टांगल्या.

'बुलेटप्रूफ' म्हणून जाहिरातीत जे काही खपवतात, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. रणगाडाभेदी रॉकेटच्या स्फोटातून चिळकांडीसारखी सुटणारी धातूची धार हे अस्तर रोखू शकत नाही. ती आरपार जाते. अस्तर तुकड्यांचा पंखा अरुंद करतं. धारेच्या वाटेत बसलेला वाचत नाही, त्याच्या शेजारचा वाचू शकतो.