पाणबुड्याला वर यायला दिवस का लागतात?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. पाइपलाइनच्या कामासाठी बेलमधून, म्हणजे जहाजावरून सोडलेल्या बंद दाबकुपीतून, उतरणारा डायव्हर जहाजावरून तळाशी काही मिनिटांत पोहोचतो. काम आटोपल्यावर मोकळ्या हवेत यायला मात्र त्याला तीन-चार दिवस लागतात. खोल पाण्यात उतरण्याची युक्ती माणसाला लवकर साधली. जिवंत वर कसं यायचं हे कळायला त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं गेली, आणि ते शिकवलं बरंचसं पुलांनी आणि बोगद्यांनी.

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढ्याने, वाढतो आणि त्या प्रमाणात श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. रक्त आणि मेंदू काही मिनिटांत भरतात. चरबी, सांधे, कूर्चा यांना तास लागतात. दाब एकदम उतरला की हाच वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सांध्यात अडकला तर कळा, पाठीच्या कण्यात अडकला तर पाय लुळे.

ऑगस्टस झीबेचा पाणबुड्यांसाठीचा बंद पोशाख १८३७ चा. तो घालून ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या युद्धनौकेवर काम करणारे पाणबुडे संधिवाताची तक्रार करू लागले. दोष गार पाण्यावर गेला. १८४१ मध्ये फ्रान्समध्ये त्रिजे या अभियंत्याने कोळशाच्या खाणीसाठी नदीकाठच्या पाणथळ जमिनीत दाबाची हवा भरलेली कॅसन, म्हणजे पाणी बाहेर ठेवून आत काम करता येईल अशी पेटी, उतरवली. पाणी म्हणाल तर तिथे कमरेएवढंही नव्हतं, तरी बाहेर आलेल्या मजुरांचे सांधे दुखलेच. पुढे सेंट लुईसच्या पुलावर डझनाहून अधिक मजूर दगावले. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने, म्हणजे ‘बेंड्स’ने, कायमचा अधू झाला.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेरने १८७८ मध्ये बुडबुडे नायट्रोजनचे असल्याचं दाखवून दिलं. मजुरांना उपाय आधीच ठाऊक होता: परत कॅसनमध्ये गेलं की कळा थांबतात. अभियंता अर्नेस्ट मॉयरने त्याचंच यंत्र केलं. हडसन नदीखालच्या बोगद्यावर ४५-५० माणसांमागे महिन्याला एक मरत होता. १८८९-९० च्या सुमारास त्याने बॉयलरसारखी एक टाकी बसवली. दुखणाऱ्या माणसाला आत घेऊन दाब वाढवायचा आणि मग सावकाश उतरवायचा. त्यानंतरच्या १५ महिन्यांत १२० जणांपैकी दोघेच दगावले. आजचं रिकम्प्रेशन चेंबर म्हणजे ही टाकी, फक्त आता आत ऑक्सिजनचा मुखवटा असतो.

आजार झाल्यावरचा इलाज मिळाला, पण तो होऊच नये म्हणून काय करायचं? तेव्हाची शिकवण होती: एकाच संथ वेगाने वर या. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेनने ब्रिटिश नौदलासाठी काम करताना ही शिकवण चुकीची ठरवली. संथपणे वर येणारा माणूस खोलवरचं प्रत्येक मिनिट आणखी नायट्रोजन साठवत असतो, शिवाय शेवटच्या काही मीटरांत, जिथे धोका सर्वाधिक, तिथे त्याचा वेळ पुरत नाही.

हाल्डेनने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या चेंबरमध्ये बकऱ्यांवर प्रयोग केले. बेंड्स झालेली बकरी दुखरा पाय उचलून धरते, त्यामुळे काचेबाहेरूनही निदान होई. १० मीटरवर, म्हणजे दोन वातावरणांत, कितीही वेळ काढून थेट वर आलं तरी त्रास होत नाही; मग सहावरून तीनवर यायलाही हरकत नसावी, असा त्याचा तर्क. शरीराचे त्याने पाच काल्पनिक कप्पे केले आणि त्यांना ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटांचे अर्धकाल (कप्पा निम्मा भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ) दिले. ४० मीटरवर दाब पाच वातावरणं. तिथून झटपट अडीचवर, म्हणजे १५ मीटरवर, यायचं आणि पुढे दर १० फुटांना थांबायचं. सर्वात लांब थांबा शेवटचा. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे डॅमंट आणि कॅटो हे पाणबुडे २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप आले. १९०८ मध्ये तक्ते छापून आले. या सगळ्या इतिहासात मला सर्वात देखणं वाटतं ते हेच पान.

तक्त्यात खोट होतीच. लांब डुबकीत ७५ मिनिटांचा कप्पा कमी पडे, आणि दाब निम्मा करण्याचं २:१ हे गुणोत्तर सर्व कप्प्यांना सारखं लागू होत नाही. अमेरिकी नौदलाच्या वर्कमनने १९६५ मध्ये प्रत्येक कप्प्याला वेगळी मर्यादा दिली. झुरिचच्या ब्यूलमानने १६ कप्पे केले, सर्वात संथ ६३५ मिनिटांचा. मनगटावरच्या बऱ्याच डाइव्ह कॉम्प्युटरांत आज त्याचंच गणित चालतं. तरी ते फक्त गणित आहे. रक्तप्रवाहाचा आवाज टिपणाऱ्या डॉप्लर यंत्राने ऐकल्यावर कळलं की काहीही त्रास न झालेल्या डायव्हरच्या रक्तातही बुडबुडे असतात. थकवा, कमी पाणी पिणं, थंडी हे कुठल्याच कप्प्यात मोजलं जात नाही.

बॉम्बे हायसारख्या ठिकाणी वापरतात ते सॅच्युरेशन डायव्हिंग अमेरिकी नौदलातल्या डॉक्टर जॉर्ज बॉन्डच्या १९५७ पासूनच्या प्रयोगांतून आलं. ऊती एकदा भरल्या की आणखी वेळ घालवून त्यात भर पडत नाही. मग डायव्हरला जहाजावरच्या चेंबरमध्ये त्याच दाबाखाली आठवडे ठेवा, रोज बेलने कामाला न्या आणि वर आणा एकदाच. नियम साधारण असा: दर ३० मीटरला एक दिवस, वर आणखी एक. खोलवर नायट्रोजनची धुंदी चढते म्हणून हवेऐवजी हेलियम-ऑक्सिजन. हेलियम अंगातली उष्णता भराभर नेतो, म्हणून पोशाखात नळीने गरम पाणी सोडावं लागतं. याची किंमतही मोजावी लागली. १९६९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘सीलॅब ३’ या समुद्रतळावरच्या निवासाच्या मोहिमेत डायव्हर बेरी कॅनन दगावला, त्या मोहिमेतल्या एका श्वसनयंत्राच्या डब्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारी भुकटीच नव्हती. १९८३ मध्ये ‘बायफर्ड डॉल्फिन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर बेलचा क्लॅम्प वेळेआधी उघडला, दाब क्षणात नऊ वातावरणांवरून एकावर आला आणि पाच जण ठार झाले.

मालवणला हौसेने डुबकी मारणाऱ्यांचा या थांब्यांशी सहसा संबंध येत नाही. सात-आठ मीटरवर नायट्रोजनपेक्षा श्वास रोखून वर येणं जास्त घातक, कारण फुप्फुसातली हवा फुगते. पण प्रशिक्षणासाठी खोल आणि लागोपाठ डुबक्या घेतल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतं. ही शिफारस ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून केलेली आहे. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे, त्यामुळे संध्याकाळी बॅग भरून घाटमार्गे कोल्हापूरला निघणाऱ्यालाही ती लागू होते.