बटाट्याचा भुंगा बटाट्यासोबत आलेला नाही

'पीक जिथून आलं, कीडही तिथूनच आली' हे इतक्यांदा कानावर पडतं की खरंच वाटू लागतं. बटाट्याची शेतं फस्त करणाऱ्या कोलोरॅडो भुंग्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. हा भुंगा मूळचा मेक्सिकोकडचा, आणि तिथे तो बटाट्याच्याच कुळातल्या, पिवळ्या फुलांच्या एका काटेरी रानझाडावर जगायचा. १८२४ साली अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ थॉमस से यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा बटाट्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पुढे अमेरिकेतले वसाहतकरी बटाटा घेऊन पश्चिमेकडे सरकले आणि पीकच किडीच्या दारात जाऊन उभं राहिलं! १८५९ मध्ये नेब्रास्कात शेतं फस्त होऊ लागली. १८७४ पर्यंत भुंगा अटलांटिक किनाऱ्याला पोचला, १९२२ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याने बस्तान बसवलं.

१९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने हे भुंगे अमेरिकी विमानांनी टाकल्याचा प्रचार केला. तोही खोटाच. पानाखाली चिकटलेला नारिंगी अंड्यांचा पुंजका आणि पिवळसर पाठीवर दहा काळ्या रेघा मिरवणारा भुंगा तोवर युरोपात कित्येक वर्षं पसरत होता.