गोव्यातील मृत्युपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र

गोव्यात मृत्युपत्र कितीही बिनचूक केले तरी सगळी मिळकत मनाजोगती देता येत नाही. सक्तीचे वारस, म्हणजे मुले-नातवंडे आणि ती नसल्यास आईवडील, असतील तर साधारणपणे निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव राहतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले हे बंधन धर्म न पाहता लागू होते. आता ते गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यात आहे. हा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला.

त्यात लग्नाचा हिशेब मिसळतो. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी-निम्मी. ८० लाखांच्या घरात नवऱ्याचे ४० लाख. त्यातले २० लाख मुलांचे राखीव, उरलेल्या २० लाखांपुरतेच मृत्युपत्र. राखीव वाट्यात मुलगा-मुलगी समान, लग्न होऊन सासरी गेलेली लेकसुद्धा. कुणी मर्यादेबाहेर दिले म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही, जास्तीचा भाग कापला जातो. वारसाला राखीव वाट्यातूनही वगळायचे, तर कायद्यात दिलेल्यांपैकी कारण मृत्युपत्रातच नमूद करावे लागते. नुसता अबोला पुरत नाही.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून आणलेला नमुना इथे बहुधा निरुपयोगी. तिकडे कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की भागते, नोंदणी ऐच्छिक असते. गोव्यात रूढ प्रकार दोन. खुले मृत्युपत्र विशेष नोटरी, म्हणजे तालुक्याचा सब-रजिस्ट्रार, साक्षीदारांसमोर आपल्या वहीत लिहून घेतो. बंद मृत्युपत्र घरी लिहून त्याच्याकडून मान्य करून मोहोरबंद करतात. वाचता न येणाऱ्याला ते करता येत नाही. मृत्यूनंतर वाटणीवर एकमत झाले नाही, तर प्रकरण दिवाणी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’साठी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी ठरवण्यासाठी, जाते. गोव्यात अधिवास असलेल्याची भारतातील इतर ठिकाणची मिळकतही याच नियमांनी वाटली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, ते मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही. ते उघडते माणूस गेल्यावर. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र, रूढ भाषेत लिव्हिंग विल, स्वतंत्रपणे करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट घातल्याने ते कागदावरच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. बरे होण्याची आशा नसलेला रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तेव्हाच ते लागू होते आणि त्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले, ते गोव्यातील असे पहिले. एक प्रत पंचायत वा पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. इच्छापत्रात नाव घातलेल्या नातेवाइकांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडेही ती असावी.