एफएम प्रक्षेपकांची स्थाननिश्चिती, गोव्यातील

एफएम केंद्राचा प्रक्षेपक कोठे, किती उंचीवर आणि किती शक्तीचा बसविला असता कोणत्या गावांपर्यंत समाधानकारक श्रवण मिळेल, हे आधी ठरविण्याचे गणित. या पट्ट्यातील (88 ते 108 मेगॅहर्ट्‌झ) तरंग सुमारे 3 मी. लांबीचे असून ते बहुतांशी दृष्टिरेषेत जातात; मध्यमलहरींप्रमाणे जमिनीला बिलगून लांबवर पोहोचत नाहीत. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौ. किमी. पण सह्याद्रीचे फाटे, जांभ्याचे सडे आणि नद्यांकाठची सखल खाजणे यांमुळे एका मनोऱ्यातून ते सारे झाकले जात नाही.

गोव्यात प्रक्षेपकांच्या जागा ठरविण्याच्या परंपरेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. पोर्तुगीज अमदानीतील ‘एमिसोरा द गोआ’ हे केंद्र बहुधा 1946 मध्ये सुरू झाले. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय वायुदलाने बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. ते एमिसोराचेच प्रक्षेपण केंद्र होते, असे सामान्यतः मानले जाते. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी गोवा मुक्तीसाठी 1955 पासून चालविलेल्या गुप्त नभोवाणीलाही, ती आंबोली व कॅसलरॉक या घाटमाथ्यांवरून चालल्यामुळे, काही जण या परंपरेत गोवतात. त्या जागा प्रामुख्याने गोव्याच्या हद्दीबाहेर पण हद्दीलगत हव्या म्हणून निवडलेल्या दिसतात. तेव्हा हा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटतो. एफएमपुरते बोलायचे, तर 1993 च्या सुमारास आकाशवाणीच्या वाहिनीवर खाजगी संस्थांना वेळ विकण्याचा जो प्रयोग झाला, त्यात चार महानगरांबरोबर पणजीही होती.

रेडिओ-क्षितिजाचे, म्हणजे तरंग दृष्टिरेषेत जास्तीत जास्त जेथवर पोहोचतात तेथवरचे, अंतर (किमी.) म्हणजे दोन्ही अँटेनांच्या उंचींच्या (मी.) वर्गमुळांच्या बेरजेची 4.12 पट. समजा, पणजी परिसरातील अँटेना समुद्रसपाटीपासून 150 मी.वर आहे आणि श्रोत्याची छपरावर 10 मी.वर, तर अंतर सुमारे 63 किमी. येते. काणकोणचे चावडी पणजीपासून सरळ रेषेत सुमारे 60 किमी.; म्हणजे कागदावर ते क्षेत्रात पडते. प्रत्यक्षात बाळ्ळी ओलांडून करमल घाटाची चढण लागली, की मोटारीतला रेडिओ आधी स्टिरिओचा मोनो होतो, मग एखाद्या वळणावर गाण्यात खरखर शिरते आणि पुढच्या वळणावर ते पुन्हा स्वच्छ ऐकू येते. कड्यावरून होणारे विवर्तन (तरंगांचे कडेवरून वळणे) आणि डोंगरांवरून परतलेल्या तरंगांची सरमिसळ, ही त्याची कारणे.

मतभेद आहे तो प्रक्षेपक अँटेनाच्या ‘परिणामी उंची’विषयी, म्हणजे गणितात धरावयाच्या उंचीविषयी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी. 1546 शिफारशीत (2001) ती प्रक्षेपकापासून 3 ते 15 किमी. टप्प्यातील जमिनीच्या सरासरी पातळीवरून मोजतात. पणजीच्या पश्चिमेला या टप्प्यात समुद्र, पूर्वेला बव्हंशी मांडवीकाठची बेटे व खाजणे. त्यामुळे उंची दोन्हीकडे भरघोस येते. अडथळे मात्र टप्प्याच्या पलीकडे आहेत. उदा., वाळपई पणजीपासून सुमारे 32 किमी.वर, सत्तरीच्या खोऱ्यात. ग्राहकाजवळचा डोंगर किती कोनातून आड येतो, त्यानुसार करावयाची दुरुस्ती याच शिफारशीत आहे, पण घाईच्या नकाशांत ती गळते. गोव्यापुरती प्रत्येक दिशेला जमिनीची उभी छेदरेषा काढून विवर्तन मोजण्याची पद्धत अधिक विश्वसनीय ठरावी. स्टिरिओसाठी ग्रामीण भागात 54 व शहरी भागात 66 डेसिबेल (दर मीटरला एक मायक्रोव्होल्टच्या तुलनेत) ही किमान क्षेत्रतीव्रता धरतात. शक्ती दुप्पट केल्याने जेमतेम 3 डेसिबेल वाढतात. म्हणून डोंगराआडच्या गावासाठी मोठ्या यंत्रापेक्षा छोटा पूरक प्रक्षेपक बरा.

पणजीत आकाशवाणीची वाहिनी 105.4 वर, खाजगी वाहिन्यांना 91.9, 92.7 व 98.3 मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता (वारंवारता) मिळाल्या. पहिल्या दोन खाजगी कंप्रतांतील 0.8 चे अंतर एकाच शहरातील वाहिन्यांमध्ये ठेवण्याच्या प्रथेशी जुळते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला विमानांच्या अवतरण-मार्गदर्शनाच्या कंप्रता (108 पासून पुढे) लागून असल्याने दाबोळी व मोपा या दोन्ही विमानतळांचा विचार करावा लागतो. सड्यावर मनोरा उभारताना त्याच्या उंचीवरही बंधन येते.

पावसाळ्यापूर्वी समुद्रावर हवेचे उबदार व गार थर एकावर एक बसले, की तरंग त्यांत अडकून शेकडो किलोमीटर वाहत जातात आणि किनाऱ्यावर परकी केंद्रे लागतात. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट बसत नाही आणि खाऱ्या हवेने अँटेनाचे सांधे गंजतात. सामुदायिक रेडिओला 100 वॉट परिणामी शक्ती (अँटेनातून प्रत्यक्ष प्रक्षेपित होणारी) व 30 मी. अँटेना अशी मर्यादा असल्याने त्याचा आवाका काही किलोमीटरांचाच.